काचेवरचं लाल बटण

रोज त्याच जागी तीच तीन माणसं बसायला लागली की किस्से साचत जातात. कोणी मुद्दाम गोळा करत नाही, पण माळ्यावरच्या जुन्या सामानासारखे ते वाढतच राहतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याला युसूफभाईंच्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात आम्ही कितीतरी वर्षं बसलो. तिथले किस्से मी लग्नकार्यात सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देतो. पण तुम्हाला म्हणून सांगतो, यातल्या एकाही किश्श्यात आम्ही स्वतः हसत नव्हतो. आमची फाटलेली असायची!

युसूफभाई मूळचे चंद्रपूरचे. तिथे गल्लीगल्लीत मेकॅनिक झाले, म्हणून हे इकडे तालुक्याला आले. त्यांच्या शेजारी नितईदाचं चहा-रसगुल्ल्याचं हॉटेल. नितईदा बंगाली, आईबापांनी निर्वासित म्हणून इथे येऊन जंगल साफ करून शेती केलेली. तिसरा मी, शाळेत इंग्रजी शिकवणारा सर. आणि एक चौथा, जो दुकानात फारसा नसायचा पण ज्याच्यापायी आमचा जीव टांगणीला लागायचा, तो म्हणजे युसूफभाईंचा एकुलता एक मुलगा सलीम. त्याच्याकडे येतोच.

* * *

सुरुवात एका चिनी रेडिओने झाली. नव्वदच्या दशकात ते बाजारात आले होते, डायलवर नाही नाही ते बँड असायचे. एका गिऱ्हाइकाचा असा सेट दुरुस्त करून युसूफभाई काटा फिरवत होते. कोणी कधी न लावलेल्या एका पट्टीवर काटा गेला आणि एक माणूस बोलला. इंग्रजीत, अगदी थंडपणे, दोन वाक्यं. मग नुसती खरखर.

आता हे पुण्यात झालं असतं तर कोणी मान वर केली नसती. आमच्या तालुक्यात तेव्हा रेडिओतून अनोळखी माणूस बोलला म्हणजे दोनच शक्यता होत्या. एक तर पोलीस, नाहीतर आतले. ‘आतले’ म्हणजे जंगलातले दादा लोक, त्यांचं नाव मोठ्याने घेत नसत. आणि दोघांपैकी कोणाचंही ऐकताना सापडणं म्हणजे संपलंच.

युसूफभाईंनी उठून शटर अर्धं खाली ओढलं. ‘‘सर, काय बोलला थो?’’

मला एवढंच कळलं होतं की नागपूर म्हणाला आणि काही आकडे म्हणाला. माझी इंग्रजी व्याकरणापुरती.

‘‘पोलीस असन,’’ युसूफभाई म्हणाले.

नितईदा वाकून आत आले आणि परत तो आवाज येईपर्यंत कान लावून बसले. आवाज आला. नितईदांनी मान हलवली. ‘‘नहीं मास्टरबाबू. पुलिस इतना शांती से बात नहीं करता.’’

चार दिवस कान लावल्यावर उलगडा झाला, ते विमान होतं! आमच्या डोक्यावरून, ढगांच्याही वर, दिल्लीहून मद्रासकडे जाणारं. पायलट नागपूरच्या टॉवरला सांगत होता की मी अमुक ठिकाणी आहे, अमुक वेळेला तमुक ठिकाणी पोचेन. नागपूर काय म्हणतं ते आम्हाला कधीच ऐकू आलं नाही, कारण नागपूर जमिनीवर आणि लांब. विमान उंच, म्हणून त्याचं ऐकू यायचं. फोनवर बायकोशी बोलणाऱ्या नवऱ्याचं ऐकावं तसं अर्धंच.

* * *

मग आम्हाला नाद लागला. शाळेत भारताचा एक फाटका नकाशा पडून होता, तो मी आणला. युसूफभाईंनी तो काउंटरच्या काचेखाली सरकवला. काचेवर शर्टाची बटणं. पायलटने आपलं ठिकाण सांगितलं की मी सांगायचो आणि युसूफभाई बटण सरकवायचे. कोणाचा टेप दुरुस्तीला आला की गिऱ्हाईक उभ्या उभ्या विचारायचं, ‘‘आता कुठी आहे?’’ जसं काही ते आमच्या बापाचं विमान!

एका दुपारी दिल्लीकडून येणारं बटण खाली सरकत होतं आणि मुंबईकडून कलकत्त्याला जाणारं आडवं. युसूफभाईंनी दोन्ही सरकवली आणि दोन्ही एकाच जागी आली. थेट आमच्यावर.

‘‘सर, टाइम?’’

मी दोघांनी सांगितलेली वेळ ताडून पाहिली. सारखीच होती.  दोन्ही विमानांत मिळून माणसं किती असतील, याचा विचारही करवेना. युसूफभाईंनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. नितईदा रस्त्यावर जाऊन आकाशाकडे पाहत उभे राहिले. त्यांचं पाहून समोरचा टेलर उभा राहिला. टेलरचं पाहून बस स्टँडवरची माणसं. भर बाजारात अर्धं मुलचेरा वर पाहतंय आणि का पाहतंय ते कोणालाच माहीत नाही.

पाच मिनिटांनी दोन्ही पायलट एकामागून एक बोलले. त्याच थंड आवाजात.

तेव्हा मला उमगलं की ते जो तिसरा आकडा सांगतात, तो उंचीचा असतो. एक वर, एक खाली. नकाशा सपाट, त्यात उंची कुठून येणार! मी हे युसूफभाईंना समजावलं. त्यांनी रुमालाने मान पुसली, एक बटण उचललं आणि दुसऱ्याच्या वर ठेवलं. ‘‘हे पहिलेच सांगाचं ना, सर. नाई तं मी दोघाईची फातेहा पढून टाकली असती.’’

* * *

आकाशाकडे पाहणाऱ्या बाजाराची बातमी पोलीस ठाण्यात न जाती तरच नवल. दुसऱ्या दिवशी ठाणेदार साहेब स्वतः आले. दोन शिपाई बाहेर. साहेबांनी काच पाहिली, नकाशा पाहिला, बटणं पाहिली.

‘‘हे काय होय?’’

 असला रेडिओ ऐकायला परवानगी लागते असं मी कुठेतरी वाचलं होतं. माझी नोकरी मला डोळ्यांसमोर दिसत होती, जाताना. युसूफभाईंची तर वेगळीच धास्ती. त्या भागात, त्या काळात, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे दोन्ही बाजूंचं लक्ष असायचं. कोणाचा सेट दुरुस्त केला, कोण आणून देऊन गेलं, हे विचारायला कधी वर्दीतले यायचे, कधी बिनवर्दीतले.

‘‘साहेब, विमानं,’’ युसूफभाई कसेबसे म्हणाले. ‘‘थे सोताच सांगतात कुठी आहो म्हणून. आमी फक्त बटन सरकवतो.’’

 तेवढ्यात रेडिओ बोलला. मी सांगितलं, ‘‘हैदराबादकडून नागपूरकडे.’’ युसूफभाईंनी बटण सरकवलं. साहेब वाकून बघत राहिले. मग स्टूल ओढून बसले. नितईदांनी न सांगता चहा आणला.

तासाभराने साहेब उठले. जाताना दारात थांबले, शिपायांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, ‘‘वर काय चालते थे तुमाले समजते. माझ्या हद्दीत काय चालते थे मले काऊन नाई समजत?’’

त्या माणसालाही भीती वाटत होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्यानंतर त्यांनी आम्हाला कधी त्रास दिला नाही. बदली होईपर्यंत अधूनमधून येऊन बसायचे.

* * *

आता सलीम. बापाच्या दुकानात वाढलेलं पोर, स्क्रू ड्रायव्हर हातात धरूनच चालायला शिकलेलं. नागपूरला जाऊन विमानाच्या दुरुस्तीचं शिकला आणि एका खासगी हेलिकॉप्टर कंपनीत टेक्निशियन म्हणून लागला. बाजारात पेढे वाटले. नितईदांनी रसगुल्ले वाटले. मग कळलं की निवडणुकीत आत जंगलातल्या गावांना मतदानाची माणसं नि पेट्या पोचवायला जी हेलिकॉप्टरं लागतात, त्यावर सलीमची ड्युटी लागणार. टेक्निशियन सोबत जातो. जमिनीवरून गेलं तर रस्त्यात सुरुंग, म्हणून हवेतून.

युसूफभाईंनी माझ्याकडून जिल्ह्याचा नकाशा मागून घेतला. भारताच्या शेजारी काचेखाली गडचिरोली आली. तिच्यावर एक लाल बटण, बाईच्या स्वेटरचं, मोठं. तो सलीम.

पहिल्या निवडणुकीला आम्ही रेडिओवर सलीमच्या पायलटचं ऐकलं. निघालो, अमुक गावाला उतरतो, वीस मिनिटांत. गावाचं नाव स्वच्छ ऐकू आलं. बटण सरकवताना युसूफभाईंचा हात मध्येच थांबला.

‘‘सर, आपल्याले ऐकू आलं.’’

‘‘हो, आलं की.’’

‘‘तं मंग आतल्याईले बी येत असन.’’

 ही गोष्ट इतकी वर्षं आमच्यासमोर होती आणि आमच्या डोक्यात शिरली नव्हती. विमानांचं ऐकताना मजा वाटायची, कारण विमानात आपलं कोणी नव्हतं.

सलीम सुट्टीत आला तेव्हा युसूफभाईंनी त्याला समोर बसवलं. ‘‘पायलटले सांग, गावाचं नाव नोको घेत जाऊ.’’

सलीम हसला. ‘‘अब्बा, नाव घेतलं नाही तं दुसऱ्या हेलिकॉप्टरले कसं समजन आमी कुठी आहो? दोघं एकाच मैदानात उतरले तं? हवेत रस्ता नाई, सिग्नल नाई. आपण कुठी आहो थे सर्वाईले ओरडून सांगायचं, हीच सेफ्टी आहे.’’

‘‘म्हणजे हॉर्न वाजवल्यासारखं.’’

‘‘हो, तसंच.’’

युसूफभाईंनी काचेवरचं लाल बटण बोटाने फिरवलं. मग म्हणाले, ‘‘बेटा, जंगलात हॉर्न वाघाले बी ऐकू येते.’’

* * *

हेलिकॉप्टर खाली उतरलं की त्याचा रेडिओवरचा आवाज बुडायचा. डोंगर आणि झाडं आड यायची. पुन्हा वर चढलं की आवाज परत. म्हणजे प्रत्येक उतरण्याला आमच्याकडे शांतता. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. ती शांतता कशी काढायची याच्या आम्ही रीती ठरवून टाकल्या होत्या. युसूफभाईंनी हातातलं काम सोडायचं नाही. मी राजकारणावर बोलायचं. नितईदांनी चहा आणायचा, पण कोणी प्यायचा नाही.

एकदा पावसाळ्यात पुराची मदत घेऊन सलीमचं हेलिकॉप्टर सिरोंच्याकडे गेलं होतं. पायलट म्हणाला, समोर ढग आहे, खाली उतरतो. आणि बुडाला तो बुडालाच. चहा तीनदा थंड झाला. माझं राजकारण संपून मी क्रिकेटवर आलो, क्रिकेटही संपलं. तेवढ्यात भाभी दुकानात आल्या, सलीमची आई. त्या कधी दुकानात येत नसत.

त्यांनी काचेकडे पाहिलं. युसूफभाईंनी पटकन लाल बटण उचललं आणि आमच्या घराजवळ, मुलचेऱ्यावर ठेवलं. ‘‘वापस येऊन राह्यला. पोचलाच समज.’’

भाभींनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग वाकून बटण उचललं, पदराच्या टोकात बांधलं आणि घरी निघून गेल्या. म्हणाल्या, ‘‘थो येईपर्यंत हे माझ्याजवळ ठेवतो.’’

सलीमचा फोन संध्याकाळी एसटीडी बूथवर आला. एका शाळेच्या पटांगणात उतरून ढग जायची वाट पाहत बसले होते म्हणे, आणि शाळेतल्या पोरांनी हेलिकॉप्टरला हात लावून लावून चिखलाने रंगवलं होतं. युसूफभाईंना हे सांगताना तो खूप हसला. बटण भाभींनी दोन दिवसांनी परत दिलं.

* * *

मग इंटरनेट आलं. मुलचेऱ्याला नाही, चंद्रपूरला. सलीम म्हणाला, तुमचं बटण आता जुनं झालं, चला दाखवतो. आम्ही तिघं एसटीने चंद्रपूरला गेलो. जटपुऱ्याकडच्या एका सायबर कॅफेत, प्लायवूडच्या खोक्यात चौघं कोंबून बसलो.

सलीमने एक पान उघडलं. युरोपचा नकाशा आला आणि त्यावर पिवळी विमानं. इतकी की खालची जमीन दिसेना! सगळी आपली आपण सरकत होती. एकावर बोट ठेवलं की नाव, उंची, वेग, कुठून कुठे, सगळं बाजूला.

‘‘हे कोन सरकवते?’’ युसूफभाईंनी विचारलं.

‘‘कोणीच नाई. विमानात एक मशीन असते, थे दर सेकंदाले आपला पत्ता सांगते. लोक आपल्या घरावर छोटा अँटेना लावतात, थो पत्ता पकडतात, इंटरनेटवर टाकतात. शौक म्हणून. तुमच्यासारखेच.’’

‘‘आन् कोनालेही दिसते?’’

‘‘सगळ्या दुनियेले.’’

युसूफभाई खुर्चीत मागे सरकले. ‘‘आपलं दाखव.’’

सलीमने नकाशा इकडे सरकवला. भारत आला, महाराष्ट्र आला, आमचा कोपरा आला. सगळा रिकामा. एकही पिवळा ठिपका नाही. इकडे कोणी अँटेना लावलेलाच नव्हता.

युसूफभाईंनी मोठा सुस्कारा सोडला. ‘‘बरं आहे. आपल्यावर काईच नाई.’’

 नितईदा पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, ‘‘दादा, दिखता नहीं, इसका मतलब ये नहीं कि कोई देखता नहीं.’’

परतीच्या बसमध्ये मी नितईदांच्या शेजारी न बसता मागच्या सीटवर बसलो. मला नितईदांचा राग आला होता. काही गोष्टी माणसाने मनात ठेवाव्यात.

* * *

त्याच्या पुढच्या निवडणुकीची गोष्ट. या वेळी वरूनच हुकूम आला होता की हेलिकॉप्टरने रेडिओवर उतरायच्या जागेचं नाव घ्यायचं नाही. फक्त निघालो, परत येतो, एवढंच. सलीमने फोनवर सांगितलं तेव्हा युसूफभाईंनी हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्यांचं ऐकलं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी माझी ड्युटी राखीवमध्ये होती, तहसीलमध्ये नुसतं बसून राहायचं. मी चहाच्या निमित्ताने दुकानात आलो. लाल बटण कोडपल्लीवर होतं. रेडिओवर नाव नव्हतं आलं, पण कोडपल्लीला चुन्याचा गोल आखून हेलिपॅड केल्याचं सगळ्या बाजाराला माहीत होतं. सकाळी पायलट ‘निघालो’ म्हणाला होता, नंतर आवाज बुडाला होता, आणि आता दुपार झाली होती. युसूफभाई एक टेप उघडून बसले होते, पण टेपमध्ये त्यांचं लक्ष नव्हतं.

एक माणूस आला. चाळिशीचा, साधा पांढरा सदरा, पायात रबरी चप्पल, गुडघ्यापर्यंत धूळ. पिशवीतून एक तीन बँडचा रेडिओ काढून काउंटरवर ठेवला. ‘‘आवाज तुटून तुटून येते.’’

युसूफभाईंनी सेट उघडला. आवाजाच्या बटणात कचरा होता, पेट्रोलच्या बोळ्याने पुसायचं काम. तो माणूस उभा राहून काच पाहत होता.

‘‘हे लाल काय होय?’’

युसूफभाई काही बोलायच्या आत नितईदा बोलून बसले. चहाचा ग्लास ठेवायला आले होते, सवयीने बोलले. ‘‘इनके बेटे का हेलिकॉप्टर.’’

बोलल्यावर त्यांचं त्यांना कळलं, समोरचा कोण कुठला ते माहीत नाही. ग्लास काचेवर तसाच वाजला.  मी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही, त्याच्या हाताकडे पाहत राहिलो.

तो हात पुढे आला. एक बोट लाल बटणावर टेकलं. बटण कोडपल्लीवरून निघालं, हळूहळू नदी ओलांडून पलीकडे गेलं आणि इरुकटोल्यावर थांबलं.

‘‘इथी आहे,’’ तो म्हणाला.

युसूफभाईंनी सेट बंद केला, सेल घातले, चालू केला. गाणं लागलं, स्वच्छ. माणसाने दोनदा आवाज कमी-जास्त करून पाहिला, समाधानाने मान हलवली. रेडिओ पिशवीत ठेवला. दाराशी जाऊन थांबला.

‘‘पोरगा बारीक आहे तुमचा. त्याले म्हणा, उन्हात टोपी घालत जा.’’

आणि तो बस स्टँडकडे निघून गेला. आमच्यापैकी कोणी त्याच्या मागे गेलं नाही. ठाण्यात जावं असंही कोणी म्हणालं नाही. नितईदा खाली पायरीवर बसून रडायला लागले. युसूफभाई बटणाला हात न लावता त्याच्याकडे बघत राहिले.

चार वाजता रेडिओवर पायलट बोलला, परत येतो. साडेपाचला बूथवर सलीमचा फोन आला. मी युसूफभाईंच्या शेजारीच उभा होतो, बूथमध्ये दोघं मावत नव्हतो तरी.

‘‘कुठी उतरला होता?’’

‘‘इरुकटोल्याले,’’ सलीमचा आवाज मलाही ऐकू येत होता. ‘‘आयत्या वेळी बदललं. पायलटले बी इंजिन चालू झाल्यावर कानात सांगितलं. रेडिओवर एक शब्द नाई बोललो आमी. तुमच्या मनासारखं झालं ना, अब्बा?’’

युसूफभाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.  तिकडे सलीम हॅलो, हॅलो करत होता.

‘‘टोपी घालत जा बेटा,’’ ते म्हणाले. ‘‘ऊन लय आहे.’’